सुईच्या आधी वही: बीपीसाठी ॲक्युपंक्चर घेणाऱ्यांनी काय करावं

"बीपीची गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही, त्यापेक्षा सुया बऱ्या," असं म्हणून ॲक्युपंक्चरकडे वळणारी माणसं सोलापुरात मी खूप बघते. मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, त्यातली बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात गेली. आता निवृत्त आहे, तरी गल्लीतले लोक बीपीचा पट्टा बांधून घ्यायला घरी येतात आणि हात पुढे करता करता विचारतात, "सिस्टर, सुया घेऊ का?"

माझं उत्तर असं आहे. घ्या, पण चालू गोळी बंद करून नको. आणि आधी आठवडाभर घरी बीपी मोजून वहीत लिहिल्याशिवाय नको. या दोन अटी पाळल्या तर सुयांनी तुमचं भलं झालं की नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल, कुणाच्या शब्दावर जावं लागणार नाही.

सोलापूरकरांना ॲक्युपंक्चरबद्दल आपलेपणा वाटतो, त्याला कारण आहे. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले, त्यांत आपले द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले, तेव्हा त्यांचं वय होतं ३२. पण ते सर्जन होते. युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करता करता त्यांनी जीव झिजवला, सुयांचा उपचार त्यांनी आणलेला नाही. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, तिथं ॲक्युपंक्चर शिकले आणि परत येऊन त्यांनी ते भारतात रुजवलं. हे सांगायचं कारण, "कोटणीस डॉक्टरांची विद्या आहे, तिच्यावर शंका कशाला" असं म्हणून गोळ्या सोडणारे लोक मला भेटलेले आहेत. कोटणिसांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण बीपीचा निकाल पट्टा बांधूनच लागतो.

सुयांकडून किती अपेक्षा ठेवायची

हे आधी वाचा, कारण पैसे आणि वेळ किती घालायचा ते यावर ठरवता येईल.

अमेरिकेत बोस्टनला १९२ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २००६ साली छापून आला. गोळ्या न घेणाऱ्या लोकांना सहा ते आठ आठवड्यांत बारापर्यंत बैठका दिल्या. काहींना खऱ्या बिंदूंवर, म्हणजे ॲक्युपंक्चरमध्ये ठरलेल्या जागांवर, सुया टोचल्या, काहींना बिंदू सोडून भलतीकडेच. कुणाला काय मिळतंय हे त्यांना सांगितलं नव्हतं. दहाव्या आठवड्याला खऱ्या सुयावाल्यांचा वरचा आकडा सरासरी ३.५६ नी उतरला होता, खोट्या सुयावाल्यांचा ३.८४ नी. म्हणजे फरक काहीच नाही.

पुढच्याच वर्षी जर्मनीतून वेगळी बातमी आली. १६० रुग्णांना सहा आठवड्यांत २२ बैठका, प्रत्येक बैठक अर्ध्या तासाची. बहुतेकांच्या गोळ्या चालू होत्या आणि त्या तशाच ठेवल्या. चोवीस तास अंगावर मशीन बांधून मोजलं तेव्हा खऱ्या सुयांच्या गटात वरचा आकडा ५.४ नी आणि खालचा ३ नी उतरलेला दिसला. खोट्या गटात काही फरक नव्हता. पण तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं, तर बीपी होतं तिथंच परत गेलेलं होतं.

कॅलिफोर्नियात अर्व्हाइनच्या विद्यापीठात सुयांमधून हलका विद्युतप्रवाह सोडून आठवड्याला एक याप्रमाणे आठ आठवडे उपचार केले. २०१५ साली त्याचे निकाल आले. ठरावीक बिंदूंवर उपचार घेतलेल्या ३३ जणांपैकी सुमारे ७० टक्के लोकांचा वरचा आकडा ६ ते ८ नी उतरला आणि उपचार थांबल्यावर दीडेक महिना टिकला. त्याच गटानं प्राण्यांवर केलेल्या कामात असं दिसलंय की मनगटाजवळच्या नसेला मंद झटके दिले की मेंदूच्या तळाशी, जिथून रक्तवाहिन्या आवळण्याचे हुकूम सुटतात, तिथला जोर कमी होतो. म्हणजे या गोष्टीला शरीरात काही आधारच नाही असं मी म्हणणार नाही.

पण २०१८ साली असे २२ अभ्यास, एकूण १७४४ माणसं, एकत्र तपासली गेली, तेव्हा निष्कर्ष निघाला की काही तासांपुरतं बीपी उतरतही असेल, मात्र टिकून उतरतं याला पुरावा नाही. आणि बीपीच्या आजारात टिकणं हेच तर हवं असतं. तुलनेसाठी सांगते, बीपीच्या एका गोळीच्या नेहमीच्या डोसनं वरचा आकडा साधारण ९ नी उतरतो, तोही रोज घेतली तर रोज. तेव्हा १५०-१६० चं बीपी नुसत्या सुयांवर १२५ ला येईल असं कुणी सांगत असेल, तर तिथून उठा.

आधी आठवडाभर मोजायचं

बहुतेक लोक इथंच कंटाळा करतात आणि मग सुयांचा उपयोग झाला की नाही हे कधीच कळत नाही.

मशीन दंडाचं घ्या. मनगटाची मशीन दिसायला सुटसुटीत असते, पण हात थोडा वरखाली झाला की आकडा बदलतो. घ्यायच्या आधी टेपनं दंडाचा मधला घेर मोजा. साधा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराला चालतो. त्याच्यावर घेर असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी उगीच जास्त दिसतं. मशीन आणली की पुढच्या वेळी ती डॉक्टरांकडे न्या, त्यांच्या यंत्राशी ताडून बघा. नाडी अनियमित असेल तर घरच्या मशीनवर फार विसंबू नका, डॉक्टरांना तसं सांगा.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. ज्या हातावर आकडा जास्त येतो, तोच हात पुढे कायम धरा.

सकाळी उठल्यावर तासाभरात मोजायचं. लघवीला जाऊन यायचं. चहा नाही, नाश्ता नाही, गोळी नाही, हे सगळं मोजून झाल्यावर. आणि बायकांनो, मशेरीसुद्धा नाही. मशेरी म्हणजे तंबाखूच आहे. दात घासून लगेच पट्टा बांधला तर मशेरीनं चढलेलं बीपी वहीत उतरेल. मोजायच्या आधी अर्धा तास तरी तंबाखू, विडी, चहा, कॉफी काही नको.

खुर्चीवर बसा, पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट. खाटेवर मांडी घालून नाही, पायावर पाय टाकूनही नाही. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या, म्हणजे काळजाच्या पातळीत येईल. पाच मिनिटं गप्प बसा. मोबाइल नको, टीव्ही नको, स्वयंपाकघरातल्या सुनेशी बोलणं नको. पट्टा उघड्या दंडावर बांधा. घट्ट ब्लाउजची बाही वर सरकवली की ती दंडाला आवळून बसते आणि आकडा चुकतो, म्हणून सकाळचं मोजणं गाऊनवर करा किंवा सैल बाहीचं काही घाला. एकदा मोजा, मिनिटभर थांबा, दुसऱ्यांदा मोजा. दोन्ही आकडे लिहा.

संध्याकाळी, रात्रीच्या जेवणाआधी, पुन्हा असंच दोनदा.

वहीत तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी आणि शेवटी एक रिकामा रकाना ठेवा. त्या रकान्यात झोप झाली नाही, भांडण झालं, लग्नात जेवलो, डोकं दुखलं, गोळी विसरलो, दुखण्यावरची गोळी घेतली असं काय असेल ते. हा रकाना फार महत्त्वाचा आहे, पुढे कळेल. आकडे जसे दिसतात तसेच लिहा. १४३ आला तर १४३, १४० नाही. वॉर्डात एखाद्या चार्टवर सगळेच आकडे शून्यावर संपलेले दिसले की मी पुन्हा मोजायला लावायची.

सात दिवस झाले की पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, कारण पहिल्या दिवशी माणूस धास्तावलेला असतो. बाकीच्या सहा दिवसांच्या चोवीस आकड्यांची सरासरी काढा, वरच्यांची वेगळी, खालच्यांची वेगळी. नातवंडांना सांगा, आनंदानं करतात. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्यावर असेल तर बीपी जास्त धरतात. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ला असते, कारण तिथं बहुतेकांचं थोडं चढतंच. काहींचं तर दवाखान्यात १६० आणि घरी १२५ असतं. अशा माणसानं सुया घेतल्या आणि घरी मोजून "उतरलं" म्हटलं तर ते मुळात चढलेलंच नव्हतं.

वय चाळिशीच्या आतलं असेल आणि बीपी बरंच जास्त निघालं, तर सुया राहू द्या. आधी फिजिशियनकडे जा. मूत्रपिंड, त्याच्या रक्तवाहिन्या, थायरॉइड, इतर ग्रंथी यांत कुठे मूळ आहे का ते शोधावं लागतं. आणि गरोदर बाईचं बीपी वाढलं असेल तर त्याच दिवशी दवाखाना, दुसरं काही नाही.

गोळीचं काय करायचं

सुया सुरू करताना गोळी आहे तशी चालू ठेवायची. डोसही तोच, वेळही तीच.

गोळी बंद करून सुया घेणाऱ्याची फसगत कशी होते ते सांगते, कारण वॉर्डात याच वाटेनं आलेली माणसं मी पाहिली आहेत. आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिली जाणारी गोळी ॲम्लोडिपिन. तिचा अर्धा अंश अंगातून जायलाच ३० ते ५० तास लागतात, आणि सगळा अंमल उतरायला आठवडा सहज जातो. म्हणजे सोमवारी गोळी सोडली आणि मंगळवारी पहिली सुई टोचली, तर त्या आठवड्यात जे बीपी बरं दिसतं ते गोळीनं धरून ठेवलेलं असतं. माणूस म्हणतो, गोळीविना १३२! सगळीकडे सांगत सुटतो. पुढच्या आठवड्यांत बीपी हळूहळू वर सरकतं, पण तोवर मोजायचं थांबलेलं असतं, कारण बीपी वाढलेलं अंगाला कळत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. मग कधीतरी पहाटे तोंड वाकडं होऊन ॲम्ब्युलन्समधून येतात. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या एकदम तोडल्या तर नाडी उसळते, छातीत दुखू शकतं. क्लोनिडिन तोडली तर बीपी होतं त्याच्याही वर उडी मारतं.

लोक गोळीला का कंटाळतात हे मी समजू शकते. ऐकून घेतलं तर पुष्कळदा तक्रार गोळ्यांबद्दल नसतेच, त्या एका गोळीबद्दल असते. ॲम्लोडिपिननं घोट्याशी पाय सुजतात. एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांनी कोरडा खोकला लागतो, रात्रभर खोकून माणूस जेरीस येतो. लघवीच्या गोळीनं रात्री उठावं लागतं म्हणून बायका ती घेतच नाहीत. हे सगळं डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलता येते, डोस कमी करता येतो, वेळ बदलता येते. पाय सुजतात म्हणून सुयांकडे जायची गरज नाही. डॉक्टरांकडे घाई असते, ते ऐकत नाहीत, हेही खरं. म्हणून चिठ्ठीवर लिहून न्या: "या गोळीनं पाय सुजतात, दुसरी द्याल का?" सरकारी आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या मोफत मिळतात, जनऔषधी दुकानात स्वस्त मिळतात.

आणि "सवय लागते" हा शब्द मनातून काढा. गोळी सोडल्यावर बीपी परत चढतं, कारण आजार तिथंच असतो. वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं सुरू झालं की डॉक्टर डोस उतरवतातही. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा चमचा सपाटसुद्धा नाही, आणि त्यात आपली शेंगा चटणी, लोणचं, पापड, बेकरीची खारी सगळं धरून. चटणी सोडा असं सोलापूरकराला कसं सांगू? घरी कुटताना मीठ निम्मं घाला, आठवडाभरात जीभ सरावते.

सुयांनी बीपी खरंच उतरलं, घरची सरासरी सतत कमी येऊ लागली, तर वही घेऊन गोळीच्या डॉक्टरांकडे जा. डोस कमी करायचा निर्णय त्यांचा. ॲक्युपंक्चर करणाऱ्याचा नाही आणि तुमचाही नाही.

कुणाकडे जायचं आणि काय विचारायचं

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे, त्याखाली परिषद आहे. केंद्र सरकारनंही २०१९ च्या फेब्रुवारीत याला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. त्यामुळे परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारणं हा तुमचा हक्क आहे. "आठ दिवसांचा कोर्स केलाय" एवढ्यावर हात पुढे करू नका.

पहिल्या भेटीत ते तुमच्या गोळ्यांची यादी मागतात का बघा. चांगला माणूस मागतोच. तुम्हीही आपणहून सांगा: रक्त पातळ करणारी गोळी (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन) चालू आहे का, पेसमेकर आहे का, साखर आहे का, पायाला बधिरपणा आहे का, स्तनाच्या कॅन्सरनंतर काखेतल्या गाठी काढल्या आहेत का, दिवस गेले आहेत का. पेसमेकर असेल तर विजेच्या सुया नाहीत. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला सुई नाही. गरोदरपणात अंगठा आणि तर्जनीमधल्या बिंदूसारखे काही बिंदू टाळतात. साखरेमुळे पाय बधिर असेल तर पावलाला टोचून घेताना दहादा विचार करा, तिथली छोटी जखमसुद्धा चिघळते.

मग सरळ विचारा: "माझ्या गोळ्या बंद कराव्या लागतील का?" उत्तर "हो, आजपासून" असं आलं तर नमस्कार करून बाहेर पडा. "किती बैठकांनंतर फरक दिसला नाही तर थांबायचं?" हाही प्रश्न विचारा, आणि एका बैठकीची फी त्या आकड्यानं गुणून घरच्यांशी बोला. जर्मनीतल्या त्या अभ्यासात २२ बैठका होत्या, तेवढी तयारी आहे का? सगळ्या बैठकांचे पैसे आगाऊ भरू नका.

आता सुयांबद्दल, यात मी कुणाचं ऐकत नाही. सुई एकदाच वापरायची, बंद पाकिटातली, पाकिटावर निर्जंतुक केल्याचं आणि मुदतीची तारीख छापलेली, आणि पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फोडलेलं. स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेल्या सुया, "या तुमच्याच आहेत, तुमच्या नावाच्या डबीत ठेवतो" असल्या सुया नाहीत. हिपॅटायटिस बी आणि सी अशाच पसरतात. टोचणाऱ्यानं हात धुतलेले असावेत. काढलेल्या सुया टाकायला पांढरा, न टोचला जाणारा डबा हवा. साध्या कचऱ्याच्या बादलीत सुई टाकताना दिसली तर ती जागा सोडा. आणि किती सुया टोचल्या ते मोजा, निघताना तेवढ्या निघाल्या का तेही मोजा. केसांत, घोट्याशी एखादी राहून जाते.

बैठकीच्या दिवशी

उपाशी जाऊ नका, भरपेट जेवूनही जाऊ नका. बीपीची गोळी नेहमीच्या वेळी घ्या. सैल सलवार किंवा गुडघ्यापर्यंत वर घेता येईल असं काही घाला. पहिल्या वेळी आडवं पडूनच सुया घ्या, बसून नाही. काही लोकांना सुई बघूनच घाम फुटतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तसं वाटलं तर लगेच सांगा, सुया काढून पाय उंच करून पडून राहिलं की बरं वाटतं.

बीपीसाठी नेहमी वापरतात ते बिंदू थोडेच आहेत. कोपर वाकवल्यावर घडीच्या बाहेरच्या टोकाला एक (एलआय-११). गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या अंगाला जो खळगा लागतो, त्याच्या चार बोटं खाली आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर (एसटी-३६), याला चिनी नाव त्सू-सान-ली. मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मध्ये (पीसी-६). पावलावर, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या हाडांमधल्या खळग्यात (एलव्ही-३). ही बोटं रुग्णाचीच मोजायची असतात. हे सांगते ते तुम्हाला कळावं म्हणून, घरी स्वतः टोचायला नाही. मनगटाच्या त्या बिंदूखालूनच मोठी नस जाते. बोटानं दाबायचं असेल तर खुशाल दाबा, त्यानं अपाय नाही, पण तो उपचार धरू नका.

सुई इंजेक्शनपेक्षा पुष्कळच बारीक असते. आत गेल्यावर मुंग्या, जडपणा किंवा ओढल्यासारखं वाटतं, ते चालतं. वीज चमकल्यासारखी कळ गेली तर सांगा, नसेला लागलेली असते. छातीला किंवा पाठीच्या वरच्या भागाला खोल सुई टोचायला निघाले तर "बीपीसाठी तिथं का?" असं विचारा. फुप्फुसाला सुई लागून हवा भरणं दुर्मीळ आहे, पण घडतं. बैठकीनंतर दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं तर थेट कॅज्युअल्टीला जा.

सुया साधारण २० ते ३० मिनिटं ठेवतात. काढल्यावर एका कुशीवर वळा, मिनिटभर बसा, मग उभे राहा. गोळी आणि पडून राहणं दोन्ही मिळून उठल्या उठल्या बीपी घसरू शकतं, आणि म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडायला एवढंच पुरतं.

बैठक संपली की बरेच ठिकाणी लगेच पट्टा बांधून दाखवतात: "बघा, आलात तेव्हा १५८, आता १३८." हा आकडा वहीच्या सरासरीत धरू नका. जिना चढून, रिक्षावाल्याशी घासाघीस करून आलेल्या माणसाचं बीपी १५८ असतंच. अर्धा तास पंख्याखाली डोळे मिटून पडलं की सुईविनाही ते उतरतं. तुमचं खरं मोजमाप दुसऱ्या दिवशी सकाळचं, गोळीच्या आधीचं.

वही कशी वाचायची

रोज मोजायची गरज नाही, त्यानं काळजीच वाढते. सुया चालू असताना दर दोन-तीन आठवड्यांनी एक सलग आठवडा पहिल्यासारखाच मोजा आणि सरासरी काढा. आठवड्याच्या सरासरीची तुलना आठवड्याच्या सरासरीशी करा. एका सकाळचा १२४ बघून नाचायचं नाही, एका सकाळचा १५५ बघून घाबरायचं नाही. या काळात दुसरा कुठलाही बदल करू नका, केलाच तर शेवटच्या रकान्यात लिहा.

आमच्या मोठ्या जाऊबाईंचं उदाहरण देते, त्यांची परवानगी आहे. त्यांना ॲम्लोडिपिननं पाय सुजायचे म्हणून सुया हव्या होत्या. मी म्हटलं, "ताई, आधी गोळी बदलून घेऊ, मग सुया." डॉक्टरांनी टेल्मिसार्टन दिली, सूज गेली. काही आठवडे जाऊ दिले, मग आठवडाभर मोजलं, सरासरी आली १४६/८४. मग सुया सुरू केल्या. सुया टोचणाऱ्या बाई सांभाळून काम करणाऱ्या होत्या, त्यांनी बीपीच्या बिंदूंबरोबर गुडघ्यालाही सुया लावल्या, कारण ताईंचे गुडघे फार दुखत. महिन्यानं सरासरी १३८/८१. सगळे खूश.

मी शेवटचा रकाना बघितला. पहिल्या आठवड्यात जवळजवळ रोज लिहिलेलं होतं "डायक्लोफिनॅक घेतली". महिन्यानंतरच्या आठवड्यात एकदाही नाही. गुडघे बरे म्हणून गोळी बंद. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात, टेल्मिसार्टनसारख्या गोळीचा जोर कमी करतात आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात. पुढे बैठका संपल्या. ताईंनी दुखण्यावरची गोळी पुन्हा धरली नाही, डॉक्टरांना विचारून पॅरासिटमॉल आणि व्यायामावर भागवलं, आणि सुया थांबून कितीतरी दिवस झाले तरी सरासरी तिथंच राहिली. सुयांनी ताईंचं भलं केलं असं मी मनापासून मानते, गुडघेदुखीवर सुयांनी थोडा आराम मिळतो असं अभ्यासांतही दिसलेलं आहे. पण तो रकाना नसता तर "सुयांनी बीपी जातं" म्हणून त्या बहिणीलाही गोळी सोडायला सांगून बसल्या असत्या.

तुमच्या वहीत दहा-बारा बैठकांनंतरही सरासरीत पाचेक आकड्यांचा फरक दिसत नसेल, तर बीपीसाठी सुया थांबवा. झोप सुधारली, मान मोकळी झाली, म्हणून चालू ठेवायच्या असतील तर तुमची मर्जी, पण मग बीपी आटोक्यात आणायला डॉक्टरांकडे जाऊन गोळीचा डोस बघून घ्या. आणि फरक दिसला तर सुया थांबल्यावर दर महिन्याला एक आठवडा मोजत राहा. जर्मनीत तीन महिन्यांत परत चढलं होतं.

सुई बाजूला ठेवून धावायची वेळ

बीपी १८०/१२० च्या पुढे दिसलं आणि दुसरी काही तक्रार नाही, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पण त्याबरोबर छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलणं बोबडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, अंधुक दिसतंय किंवा कधी नव्हे एवढं डोकं दुखतंय, तर पुन्हा मोजत बसू नका. १०८ लावा.

मोबाइलवर एक संदेश वर्षानुवर्षं फिरतोय: लकवा आला की सुईनं दहाही बोटांची टोकं टोचून रक्त काढा, माणूस वाचतो. तो ॲक्युपंक्चरच्या नावानं फिरतो म्हणून इथं मुद्दाम लिहिते. असं करू नका. गुठळीनं आलेल्या झटक्यात ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातही सीटी स्कॅन आधी व्हावा लागतो. बोटं टोचण्यात, लसूण चोळण्यात, कुणी जाणता माणूस येईपर्यंत वाट बघण्यात ती वेळ जाते. तोंडात पाणी, गोळी काही घालू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. कुशीवर निजवा. चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर घ्या, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ते दारातच सांगा. आणि रुग्ण शेवटचा नीट बोलता-चालता कुणी कधी पाहिला ती वेळ घड्याळानुसार सांगा. झोपेतून उठताना लक्षात आलं असेल तर झोपायला गेल्याची वेळ सांगा, कारण इंजेक्शन द्यायचं की नाही हे डॉक्टर त्या वेळेपासून मोजून ठरवतात.